गणनेच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा हवा

महोदय,

वन्यप्राण्यांची गणना जाहीर झाली की मथळा ठरलेला असतो: संख्या इतकी वाढली किंवा इतकी घटली. त्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापला जावा, यासाठी हे पत्र. तो आकडा म्हणजे ‘प्रभावी संख्या’. दिसणाऱ्या जनावरांपैकी पुढच्या पिढीत आपली जनुके पोचवणारी किती, याचा तो ढोबळ हिशेब असतो.

तो करायला फार गणित लागत नाही. विणीत भाग घेणाऱ्या नरांची आणि माद्यांची संख्या घ्या, त्यांचा गुणाकार चारने गुणा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा. २५ नर आणि ३० माद्या असतील तर उत्तर साधारण ५५ येते. पण ५ दांडगे नर ५० माद्यांवर हक्क गाजवत असतील, तर तेवढ्याच ५५ जनावरांची प्रभावी संख्या फक्त १८ भरते. दर पिढीला जनुकीय विविधतेचा किती भाग गळतो, तेही यावरूनच निघते: एक भागिले प्रभावी संख्येची दुप्पट. म्हणजे पहिल्या कळपात दहा पिढ्यांत सुमारे ९ टक्के विविधता जाईल, दुसऱ्यात जवळजवळ पाव हिस्सा. शिरगणतीत मात्र दोन्ही कळप सारखेच दिसतील.

साथ किंवा दुष्काळ येऊन गेला असेल तर चित्र आणखी बिघडते. पाच पिढ्यांपैकी चारांत प्रभावी संख्या १००० आणि एकीतच २० असली, तर पाचही पिढ्यांची मिळून सरासरी ९३ वर येते, कारण इथे साधी सरासरी चालत नाही, लहान आकड्याला जास्त वजन देणारी हरात्मक सरासरी घ्यावी लागते. संख्या पुन्हा हजारावर गेली म्हणून गळालेली जनुके परत येत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यात ५०० पेक्षा अधिक प्रभावी संख्या असलेल्या समूहांचे प्रमाण हा मुख्य निर्देशकांपैकी एक आहे, तो याचमुळे. डीएनए तपासणी शक्य नसेल तिथे प्रौढांच्या संख्येचा दहावा हिस्सा धरण्याची मुभा आहे. त्या हिशेबाने ५०० साठी सुमारे ५००० प्रौढ लागतात. बहुतेक मोठे मांसाहारी प्राणी या रेषेच्या आसपासही नाहीत, आणि ही गोष्ट वाचकांना कळायला हवी.

प्रभावी संख्या फार खाली गेली की काय होते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या फ्लोरिडातील प्यूमा, म्हणजे मांजरकुळातला एक मोठा शिकारी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे २० ते ३० प्रौढ उरले होते. शेपटीला मुरड, पाठीवर उलटा भोवरा, खाली न उतरलेले वृषण, हृदयाच्या पडद्याला छिद्र असे दोष एकेका जनावरात सापडत होते. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांतील पाच व्याल्या. पुढच्या सुमारे बारा वर्षांत समूह तिपटीने वाढला आणि हे दोष कमी झाले. रस्त्यांखालून काढलेले भुयारी मार्ग आणि राखलेले अधिवासही त्याच काळातले आहेत, म्हणून सगळे श्रेय आठ माद्यांना देणे बरोबर नाही. पण संकर पिल्ले शुद्ध फ्लोरिडावाल्यांपेक्षा जास्त तगली, हे नोंदवलेले आहे.

एवढ्यावरून ‘एक नवे जनावर आणून सोडले की काम झाले’ असा समज होतो, तो घातक आहे. अमेरिकेतील सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटावर १९९७ मध्ये बर्फावरून चालत एक नर लांडगा आला. तो इतका यशस्वी ठरला की काही पिढ्यांत तिथल्या लांडग्यांची निम्म्याहून अधिक जनुके त्याच्याकडून आलेली होती. म्हणजे नव्या रक्ताचाच नवा गोतावळा झाला आणि अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यात वीण, पुन्हा सुरू झाले. २०१६ पर्यंत दोन लांडगे उरले आणि ते बाप आणि मुलगी होते. अखेर २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणावे लागले. म्हणूनच ‘दर पिढीला एक ते दहा स्थलांतरित’ असा अंदाज वापरला जातो. एकदाच मोठी खेप आणण्यापेक्षा हे बरे, आणि मोजायचे ते सोडलेले प्राणी नव्हेत, त्यांतले विणीत उतरलेले.

आपल्याकडचे ताजे उदाहरण ओडिशातील सिमिलीपालचे. तिथल्या वाघांत काळे पट्टे पसरून एकत्र झालेले दिसतात. २०२१ मधील अभ्यासात याचे मूळ टॅकपेप नावाच्या जनुकातील एका बदलात सापडले आणि तिथल्या सुमारे ३७ टक्के वाघांत ही ठेवण असल्याचे दिसले. पर्यटकांना ते आकर्षण वाटते. जनुकशास्त्राच्या नजरेने ती समूह एकाकी आणि लहान असल्याची खूण आहे. २०२४ च्या अखेरीस ताडोब्यातून दोन वाघिणी तिथे नेल्या. त्यांतली झीनत राखीव क्षेत्राबाहेर पडून झारखंडमार्गे पश्चिम बंगालपर्यंत गेली आणि बांकुऱ्यात पकडून तिला परत आणावे लागले. यात नवल काही नाही. आणलेले जनावर नव्या जागी टिकत नाही, हेच अशा मोहिमा फसण्याचे पहिले कारण असते. सोडण्याआधी काही आठवडे तिथल्याच कुंपणात ठेवणे, रेडिओ कॉलर आणि शेजारील जिल्ह्यांना आधीच सूचना, एवढे तर लागतेच. मोहीम यशस्वी झाली की नाही, हे मात्र पिल्लांच्या डीएनएमध्ये बाहेरची जनुके दिसल्यावरच म्हणता येते.

कुठले जनावर कुठे न्यावे, यालाही नियम आहेत. दोन्ही समूह एकाच प्रजातीचे असावेत, गुणसूत्रांच्या संख्येत वा रचनेत ठाम फरक नसावा, ताटातूट होऊन ५०० वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा आणि दोन्हीकडचे हवामान व अधिवास फार वेगळे नसावेत. या चारही अटी बसल्या तर संकरामुळे नुकसान होण्याचा धोका कमी असतो. न बसल्यास काय होते, ते युरोपातील टाट्रा पर्वतात दिसले. तिथल्या आयबेक्स बकऱ्यांत उष्ण प्रदेशातील जाती मिसळल्या. संकर माद्यांचा माज शरद ऋतूच्या सुरुवातीलाच आला, पिल्ले ऐन फेब्रुवारीच्या थंडीत जन्मली आणि सगळा कळप संपला. चीनमधील महाकाय सॅलमँडर या उभयचराबाबत तर चूक ओळखायलाच उशीर झाला. एकच प्रजाती समजून पैदास केंद्रांतले प्राणी नद्यांत सोडले जात होते. २०१८ मध्ये जनुकीय तपासणीत किमान पाच वेगवेगळ्या शाखा निघाल्या. आधी डीएनए आणि मग सोडणी, असा क्रम असायला हवा होता.

आता नमुन्यांविषयी, कारण सगळा डोलारा त्यावर उभा असतो. बहुतेक वेळा प्राण्याला हातही लावावा लागत नाही, विष्ठा पुरते. पण डीएनए आतल्या भागात फारसा नसतो. आतड्याच्या अस्तराच्या पेशी विष्ठेच्या बाहेरील बुळबुळीत थराला चिकटलेल्या असतात. तिथूनच निर्जंतुक कापसाच्या काडीने नमुना घ्यावा आणि काडी पेशी फोडणाऱ्या द्रावणात बुडवावी. ते नसेल तर थोडी विष्ठा तिच्या किमान चौपट ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावी आणि दिवसभराने काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलवर वाळवावी. ओली विष्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे: दमटपणात जिवाणू वाढतात आणि त्यांची विकरे डीएनए कुरतडतात. ऊन आणि पाऊस लागलेल्या नमुन्यांतून फारसे काही मिळत नाही. दर नमुन्याला हातमोजे बदलायचे, तारीख आणि जीपीएस स्थान जागेवरच लिहायचे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदींवर भरवसा नको.

प्रयोगशाळेत पहिली पायरी प्रजाती पटवण्याची, कारण वाघाची आणि बिबट्याची विष्ठा नुसत्या डोळ्यांनी ओळखताना अनुभवी माणूसही फसतो. त्यासाठी मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, डीएनएचा छोटा तुकडा पुरतो, मात्र तो आईकडूनच येतो, त्यावरून बाप ठरत नाही. पुढची अडचण जास्त चिवट. विष्ठेतला डीएनए इतका तुटलेला असतो की आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकच वाढते आणि दुसरी निसटते. मग विविधता आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि एकाच वाघाचे दोन नमुने दोन वेगळे वाघ म्हणून मोजले जातात. म्हणजे ज्या तंत्राने गणना अचूक व्हायची, तेच आकडा फुगवते. उपाय म्हणजे पुनरावृत्ती. दोन वेगळ्या प्रती दिसल्या तरी किमान तीन वेळा पडताळायचे. दोन्ही प्रती सारख्या दिसल्या आणि नमुना कमजोर असला तर सात वेळांपर्यंत. सोबत दर खेपेला नमुना न घातलेली कोरी नळी चालवायची. तिच्यात डीएनए सापडला तर ती सगळी खेप रद्द. अंतःप्रजनन झालेल्या समूहात भावंडे एकमेकांसारखी असतात, तेव्हा त्यांना वेगळे ओळखण्याइतक्या डीएनएतल्या खुणा तपासल्यात का, हे अहवालात शोधावे. तिथे नसेल तर पुढचे आकडे जपूनच वाचावेत.

पूर्ण जीनोम, म्हणजे प्राण्याचा सगळा डीएनए, वाचता आला तर आणखी एक गोष्ट उलगडते. दोन्ही प्रती सलग सारख्या असलेले लांब पट्टे अलीकडच्या पिढ्यांतील जवळच्या नात्यातल्या विणीमुळे येतात. हे पट्टे आखूड असतील तर समूह फार पूर्वीपासूनच लहान आहे. दोन्हींचा इलाज वेगळा. कॅलिफोर्नियाच्या आखातातील वाकीटा या डॉल्फिनसारख्या छोट्या पॉरपॉइजमध्ये विविधता मुळातच कमी आहे, पण २०२२ मधील जीनोम अभ्यासानुसार हानिकारक बदलही कमी आहेत. दहाएक प्राणी उरले असूनही ते सावरू शकतील, मासे कल्ल्यांशी अडकवणाऱ्या गिलजाळ्यांत बुडून मरणे थांबले तर. तिथे जनुकतज्ज्ञ पाठवून काही होणार नाही, जाळी उचलावी लागतील.

पाण्यातल्या डीएनएवरून प्रजाती शोधण्याच्या पद्धतीची सध्या फार वाहवा होते. एक लिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळले की कुठला मासा किंवा बेडूक तिथे आहे, ते कळते. आहे की नाही, इतकेच. किती आहेत, जिवंत आहेत की वरच्या अंगाला मरून पडलेल्याचा डीएनए वाहत आला, हे त्यावरून ठरत नाही.

राहिला प्रश्न क्लोनिंगचा आणि ‘नामशेष प्राणी परत आले’ अशा बातम्यांचा. २०२५ मध्ये ज्यांना डायर वुल्फ (एक नामशेष लांडग्यासारखा प्राणी) म्हटले गेले ती पिल्ले १४ जनुकांत २० बदल केलेले करडे लांडगे आहेत. लांडग्याचा जीनोम सुमारे २४० कोटी अक्षरांचा असतो. याउलट काळ्या पायांच्या फेरेटचे (मुंगसासारखा दिसणारा अमेरिकी प्राणी) काम कमी गाजले आणि जास्त मोलाचे आहे. क्लोन आणि त्यांची पिल्ले सोडली तर आज असलेले असे सगळे फेरेट सात पूर्वजांचे वंशज आहेत. १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या आणि तिचा वंश पुढे चाललेला नव्हता. त्या पेशींपासून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अॅन जन्मली. गर्भाशयाच्या दोषामुळे तिला पिल्ले होऊ शकली नाहीत. २०२३ मध्ये आणखी दोन क्लोन जन्मले आणि त्यांतल्या अँटोनियाला २०२४ मध्ये पिल्ले झाली. क्लोनसाठी पाळीव फेरेटचे अंडे वापरल्यामुळे मायटोकाँड्रिया पाळीव जातीचे येतात. ते मादीकडूनच पुढे जातात, म्हणून पुढची वीण क्लोनच्या मुलग्यांमार्फत करायची.

हे शक्य झाले ते १९८८ मध्ये कुणीतरी कातडीचा तुकडा नीट ठेवला म्हणून. मेलेले जनावर तसेच फ्रीझरमध्ये टाकले तर बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. डीएनए वाचता येतो, जिवंत पेशी मिळत नाहीत. त्यासाठी कानाची ३-४ मिलिमीटर कातडी घ्यावी, त्याआधी त्या जागेवर लावलेले अल्कोहोल पूर्ण सुकू द्यावे, तुकडा प्रतिजैविक घातलेल्या पोषक द्रावणात ४ अंश सेल्सिअसला ठेवून, न गोठवता, दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवावा. तिथे पेशी वाढवून, गोठताना पेशींना वाचवणारे डीएमएसओ हे रसायन १० टक्के घालून, मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत थंड करायच्या आणि मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवायच्या. नायट्रोजन उडत राहतो, टाकी भरायला विसरले की वर्षांचे काम रात्रीत जाते. म्हणून प्रत्येक साठा दोन वेगळ्या ठिकाणी विभागलेला असावा.

वनस्पतींचे थोडे सोपे. एका समूहातील सुमारे ५० झाडांचे बी घेतले तर बऱ्यापैकी आढळणारी बहुतेक जनुके त्यात येतात. प्रत्येक मातृवृक्षाचे बी वेगळ्या पाकिटात ठेवावे, एकत्र ओतू नये. १५ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वाळवून ते उणे १८ वर ठेवतात. आंबा, ओक आणि पर्जन्यवनांतली कित्येक झाडे मात्र यात बसत नाहीत, त्यांचे बी वाळले की मरते. तिथे भ्रूणाचा अक्ष, म्हणजे बीतला रोप होणारा भाग, काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवणे किंवा झाडेच जगवणे, एवढेच मार्ग आहेत.

आपले,
वन्यजीव जनुकशास्त्राचे दोन अभ्यासक