शैले, वाडा द्यायचा ठरला

रामबाग, इंदूर
१० सप्टेंबर २०२५

प्रिय शैले,

तुझा निरोप वाचला. ‘वाडा विकू नका गं, आपलं सगळं बालपण आहे तिथे’ आणि त्याखाली रडक्या चेहऱ्यांची ओळ. फोनवर उत्तर दिलं असतं तर आपलं भांडण झालं असतं, आणि मग तू अबोला धरतेस. म्हणून वही घेऊन बसले आहे. उद्या बाबांची तिथी. वहिनी आत वड्यांचे उडीद भिजत घालते आहे, दादा बिल्डरशी बोलत अंगणात फेऱ्या मारतो आहे, तेव्हा तासभर तरी मला कुणी हाक मारणार नाही.

सरळच सांगते. वाडा द्यायचा ठरला आहे आणि ते मी दादाच्या मागे लागून ठरवलं आहे. तुला वाटलं असेल, दादा-वहिनीने घाट घातला आणि ही एकटी मास्तरीण, हिचं कोण ऐकतं! तसं काही नाही. करारावर सह्या झाल्या तेव्हा डोळे दादाचे भरून आले होते, माझे नाही.

तू मागच्या खेपेला आलीस ती डिसेंबरात. चौकातल्या उन्हात बसून आपण गराडू खाल्ले, तू खांबाला टेकून फोटो काढून घेतलेस. डिसेंबरात कुठलाही वाडा देखणाच दिसतो. जुलैत ये. माजघरात बादल्या, जिन्यावर परात, देवघरात देवांवर प्लास्टिक. तुम्ही भाड्याने राहत होतात त्या वरच्या खोल्यांच्या कडीपाटाला वाळवी लागली आहे, तुळईवर टकटक केलं की आत नुसती पोकळी वाजते. यंदा परसातली भिंत रात्रीतून बसली. आवाजसुद्धा झाला नाही. सकाळी वहिनी तुळशीला पाणी घालायला गेली तर तुळस जागेवर, भिंत नाही. दुरुस्तीचा अंदाज काढून दादाने पुण्या-बंगलोरच्या वाटेकऱ्यांना फोन केले. वाडा सगळ्यांना हवा होता, खर्चाचा वाटा कुणालाच नको होता. तुम्ही गेलेली माणसं अशीच. वाडा तुमचा, केरसुणी आमची.

राग मानू नकोस. किंवा मान थोडा, चालेल.

राजवाड्याचं उदाहरण घे. तीनदा जळला तो. तिसऱ्यांदा १९८४ साली, ते तर आपल्या डोळ्यांदेखत. कितीतरी दिवस त्या बाजूला जावंसं वाटत नव्हतं. पण पुन्हा बांधलाच ना? यंदा २० मेला तिथे अख्ख्या मंत्रिमंडळाची बैठक झाली, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने. राजवाड्याच्या मागे होळकर उभे राहिले, आमच्या मागे बिल्डर. ज्याचं त्याचं नशीब.

मागच्या आठवड्यात जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला. असा माणूस मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. आला, चपला दाराबाहेर काढल्या, कुणाशी फार बोलला नाही. टेप लावून खांब मोजले, घनफुटांचा हिशेब तळहातावरच पेनाने मांडला. मग खिशातून छोटा चाकू काढून चौकातल्या खांबावर एक चीर दिली आणि नखाने रंग खरवडला. वरचा हिरवा ऑइल पेंट निघाला, खाली निळा, त्याखाली चुना, आणि मग एकदम तांबूस सागवान. त्याने वास घेतला. खरंच, नाक लावून वास घेतला, आणि म्हणाला, “माल खरा है, दीदी.” तो निळा रंग तुझ्या अप्पांनी दिला होता, आठवतंय? तुझ्या ताईच्या लग्नाच्या वेळी. मालकांना न विचारता दिला म्हणून बाबा दोन दिवस धुमसत होते आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, उरला असेल तर ओसरीलाही द्या.

आता गल्लीचं. तुझ्या ओळखीचे वाडे आता बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळीकडे मल्टी. खाली पार्किंग, वर चार मजले, आणि नाव ‘श्री’ने सुरू होणारं. कोपऱ्यावरच्या मामांच्या वाड्यात कॅफे निघाला आहे. वाडा म्हणे त्यांनी ‘जपला’ आहे. म्हणजे भिंतीचा गिलावा मुद्दाम उखडून विटा उघड्या ठेवल्या आहेत, मामींच्या जात्यावर काच टाकून टेबल केलं आहे आणि पितळी वाटीत पोहे देतात, एकशे वीस रुपयांना. वहिनी आणि मी एकदा जाऊन आलो. पोहे गार, शेव मऊ, वरून घालायचा जिरावन मसाला मागितला तर पोऱ्याने पुडी फोडून दिली. नाक्यावरचा पोहेवाला भिया अजून वीस रुपयांत कढईवरचे वाफाळते देतो, वर उसळ, वर कांदा. असं जपण्यापेक्षा पाडलेलं काय वाईट, असं मी वहिनीला तिथेच म्हणाले. जरा मोठ्याने म्हणाले.

तुमच्या दोन खोल्यांत सध्या तीन मुलं आहेत. एक रीव्याचा, एक छतरपूरचा, एक खरगोनचा. पीएससीच्या तयारीला आलेली. क्लास भंवरकुव्याला, पण तिथलं भाडं परवडत नाही म्हणून रामबागेत. पहिले काही महिने मला फक्त त्यांच्या चपला माहीत होत्या. मग एकदा नर्मदा, म्हणजे नळाचं पाणी, आलं नाही. तसं आपल्याकडे ते एक दिवसाआडच येतं, पण त्या वेळी लागोपाठ हुकलं आणि बोअरिंगची मोटर जळली. ती मुलं टँकरच्या रांगेतून आमचेही हंडे भरून घेऊन आली. तेव्हापासून खरगोनचा मला ‘काकू’ म्हणतो आणि रीव्याचा ‘मौसीजी’. काकू म्हणवून घ्यायला माझी काही हरकत नाही, पण संविधानावरचे प्रश्न विचारायला तो रात्री दहाला येतो. शिकवणं सुटलं म्हणता म्हणता पुन्हा गळ्यात पडलं आहे.

यंदाचा गल्लीचा गणपती त्यांनीच केला, हे तुला सांगितलं की नाही? मंडळाचे आपले लोक आता सगळे साठीपुढचे. मांडव कोण बांधणार, वर्गणीला मल्टीचे जिने कोण चढणार? मला वाटलं, यंदा नुसती मूर्ती बसवून उरकतील. तर या तिघांनी वरच्या मजल्यांवरची अशीच आणखी पोरं गोळा केली. आरती मोबाइलमध्ये बघून म्हणत, ‘ळ’चा ‘ल’ होत असे, पण ताल पक्का. वहिनीने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवसापासून तीच मोदक पाठवू लागली. छतरपूरच्या मुलाची आई व्हिडिओ कॉलवर आरतीला उभी राहायची, डोक्यावर पदर घेऊन.

अनंत चतुर्दशीला त्यांना घेऊन जेल रोडवर झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला गेले. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हटलं. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, सगळ्या गिरण्यांच्या झांक्या. मुलांना कळेना, गिरण्या तर बंद आहेत मग झांक्या कुणाच्या? आता याचं उत्तर काय द्यायचं? पुढे आखाडे, लाठ्या-बनेठ्या, मागे ट्रॉल्यांवर दिव्यांचे देखावे, हलणारे देव, दर ट्रॉलीमागे ती ओढणारी, जागरणाने लाल डोळ्यांची माणसं. पहाटेपर्यंत चाललं. घरी येऊन जेमतेम डोळा लागतो तोच उजाडलं, आणि त्या दिवशी पौर्णिमा, खग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध म्हणून वहिनीने चूल बंद केली. सगळ्यांनी सकाळीच जेवून घ्या असं तिने फर्मान काढलं आणि मी आपली झोपेत पोळी खाल्ली.

झांक्यांवरून समोरच्या माईंची गोष्ट सांगायला हवी. त्यांचे यजमान हुकुमचंद मिलमध्ये साच्यावर होते. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली, तेव्हापासून ‘पैसे मिळणार’ हे आपण ऐकत आलो. तू तर ते ऐकतच लग्न होऊन गेलीस. अण्णा वाट बघत वारले. आणि शैले, ते पैसे खरंच मिळाले! २५ डिसेंबर २०२३ ला मोठा कार्यक्रम झाला, २२४ कोटी, सुमारे ४,८०० कामगार आणि त्यांचे वारस. बत्तीस वर्षांनी. माईंच्या खात्यात जमा झाले तेव्हा त्या पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. आकडा वाचून दाखव म्हणाल्या. वाचला. पुन्हा वाच. पुन्हा वाचला. मग पासबुक पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, “यांना सांगायला हवं होतं.” यंदा झांकीच्या वर्गणीला त्यांनी पाचशे एक दिले. मिलच्या बंद आवारात इतक्या वर्षांत जंगल वाढलं आहे, आता तिथे काय बांधायचं आणि किती झाडं तोडायची यावरून गावात वाद चालू आहे.

मेट्रोचं तू विचारलं होतंस. सुरू झाली, ३१ मेला. सध्या सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, सगळ्यांना राण्या-वीरांगनांची नावं. पहिला आठवडा फुकट, म्हणून वहिनी आणि मी गेलो. गार डबा, चकचकीत फरशी, आणि खिडकीबाहेर सुपर कॉरिडॉरची मोकळी जमीन. गाडी आपल्या वस्तीत यायला वेळ आहे, पण दलालांच्या तोंडी आत्ताच ‘मेट्रोपासून अमुक मिनिटं’ सुरू झालं आहे. तिकडे एबी रोडवर बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी मार्गिका, मोडताहेत. २०१३ साली केवढ्या कौतुकाने सुरू झाली होती, साडेअकरा किलोमीटर! फेब्रुवारीत हायकोर्टाने काढायला परवानगी दिली. मला तिच्यावरून धावणारी आय-बस आवडत असे. म्हाताऱ्या बाईला बसायला हमखास जागा मिळणारी तेवढी एकच गोष्ट होती या गावात.

स्वच्छतेत जुलैत पुन्हा पहिला नंबर, आठव्यांदा. तुम्ही पुणेकर याला हसता, हसा. पण गेल्या खेपेला तू केळीची साल आणि दुधाची पिशवी एकाच डब्यात टाकलीस, तेव्हा वहिनीने तुझ्याकडे कसं बघितलं होतं ते मी विसरले नाही. आता गाडीवर सहा कप्पे असतात. ओला कचरा देवगुराड्याच्या प्लान्टला जातो, ५५० टनांचा आहे तो, त्याच्या गॅसवर शहरातल्या बसेस धावतात. आमच्या भेंडीच्या देठांवर कुणीतरी पलासियापर्यंत जाऊन येत असेल.

सानंद संस्थेची मराठी नाटकं चालूच आहेत. मध्यंतरात चहाच्या रांगेत सगळी चर्चा गुडघे आणि मोतीबिंदूची, पण पडदा उघडला की अजून शिट्टी मारणारा एक असतोच.

बिल्डरने नकाशा आणला तेव्हा मात्र मी भांडले. आम्हाला दोन फ्लॅट, माझा दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेची बाल्कनी, लिफ्ट, कमोड, सगळं माझ्या मनासारखं. पण जिथे आपला ओटला आहे तिथे त्याने ‘गार्ड रूम’ काढली होती. मी म्हटलं, संध्याकाळी माई कुठे बसणार? तो म्हणाला, दीदी, गच्चीवर सिटिंग एरिया दिला आहे. गच्चीवर बसून येणारी-जाणारी माणसं कशी दिसणार? भाजीवाल्याला हाक कशी मारणार? त्याला काही पटेना. सेटबॅक, नियम, पार्किंग, असं बरंच बोलला. शेवटी गार्ड रूम मागे सरकवून फाटकाला लागून सव्वा दोन फूट रुंदीचा कट्टा द्यायचं कबूल केलं. मी ते करारात लिहून घेतलं. दादा म्हणाला, कट्ट्यासाठी कोणी स्टॅम्प पेपर बिघडवतं का? मी म्हटलं, मी बिघडवते.

पाडकाम दिवाळीनंतर. तोवर आम्ही सुदामा नगरला भाड्याने जातो आहोत, मुलं तिकडेच जवळ खोली बघताहेत. खरगोनचा म्हणतो, परीक्षा होईपर्यंत काकू लांब नको. तुला यायचं असेल तर कोजागिरीच्या आसपास ये. बाकरवडी आणू नकोस, घरात कुणाला दात नाहीत. फोटो काढायचे तेवढे काढ, पण झाडू तुझ्या हातात देणार आहे हे आधीच सांगून ठेवते.

आणि एक काम. वरच्या आतल्या खोलीत शिसवी कपाट आहे, डावं दार न लागणारं. दादा म्हणतो ते आजोबांचं, वहिनी म्हणते तुझ्या आईने जाताना ठेवलेलं. तुमचं असेल तर मी सुदामा नगरला नेऊन ठेवते. लाकूडवाला पुढच्या शनिवारी उचलायला येतो आहे, तेव्हा हे वाचलंस की लगेच फोन कर. निरोप टाइप करू नकोस, फोन कर.

तुझी,
मंदा