गच्चीवरचा जॉनी

नाशिक
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर सतरंज्या झटकत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. पण खरं सांगू का, मला हे फोनवर सांगायचंच नव्हतं. यंदा कोजागरीला सोसायटीत आम्ही ‘जॉनी गद्दार’ लावला. हो, तोच. ज्या सिनेमावरून आपण सीबीएस बसस्टँडसमोरच्या टपरीवर रात्री दीडपर्यंत भांडलो होतो आणि तू शेवटी माझ्या चहाचे पैसे न देता निघून गेला होतास.

तुला ते दिवस आठवतात का? सप्टेंबर 2007. सोमवारी आपण ट्वेन्टी-ट्वेन्टीचा वर्ल्डकप जिंकलो, मंगळवारी विसर्जन आणि 28 तारखेच्या शुक्रवारी हा सिनेमा लागला. पितृपक्ष सुरू झालेला, लोकांच्या डोक्यात धोनीशिवाय दुसरं काही नाही. रात्रीच्या खेळाला सगळ्या थिएटरात मिळून बारा-पंधरा डोकी असतील. त्यातली दोन आपली. सुरुवातीलाच पडद्यावर काळं-पांढरं चित्र, रात्र, धो धो पाऊस, पोलिसांची गाडी. आणि मग ती पाटी: विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण. मी तुझा हात दाबला होता. सावानातून, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेल्या अशाच रहस्यकथा आपण अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचायचो, ते सगळं त्या एका पाटीत आलं असं मला वाटलं.

तुझं म्हणणं तेव्हा एकच होतं. गद्दार कोण हे पहिल्या अर्ध्या तासात सांगून टाकलं, मग राहिलं काय? मी स्टाईल-स्टाईल करत बसलो होतो. रंग बघ, गाणं बघ, सत्तरच्या दशकाचा वास बघ. आज मला वाटतं, त्या रात्री आपल्या दोघांनाही सिनेमा पुरता कळला नव्हता.

तर कोजागरी. दूध आटवायला पाटलीणबाई, केशर-बदाम वर्गणीतून, प्रोजेक्टर माझा. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला नुकताच चुना लावलेला, पडदा तोच. पण चंद्र एवढा लख्ख पडला होता की पहिला प्रसंग नुसता पांढरा धूर दिसायला लागला. सगळं उचलून टाकीच्या मागच्या बाजूला, सावलीत नेलं. तिथं जागा कमी, माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसली. आपण थिएटरात रिकाम्या रांगांमध्ये पाहिलेला सिनेमा यावेळी मी तीस-पस्तीस माणसांच्या श्वासात पाहिला, आणि फार वेगळा दिसला रे.

आता मंडळी काय म्हणाली ते ऐक.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका आहेत, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. ते सिनेमाला सहसा येत नाहीत. पाच भागीदार प्रत्येकी 50 लाख काढतात, अडीच कोटी जमतात आणि ते सगळे त्यांच्यातल्या एकट्या शिवानं रेल्वेनं न्यायचे असं ठरतं, तिथं काका सरळ उभेच राहिले. म्हणाले, “हजाराच्या धरल्या तरी 25,000 नोटा. शंभराचं एक पाकीट, दहा पाकिटांचं एक बंडल. 25 बंडलं झाली. वजन 25-30 किलोच्या घरात. आणि सोबत दुसरा माणूस नाही?” मी म्हटलं, काका, भरवसा आहे त्यांचा एकमेकांवर. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू त्या पाचांतला मीच एक. “आमच्याकडे शिफ्ट सुटताना कागदाचा हिशोब जुळल्याशिवाय कोणी दाराबाहेर पाऊल टाकत नव्हता. तो काय आमच्यावर अविश्वास होता? उलट त्यामुळेच आम्ही एकमेकांकडे मान वर करून बघू शकत होतो.” बसताना त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि मग शेवटपर्यंत हलले नाहीत.

माझा भाचा ओम इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं ‘अंधाधुन’ तीनदा पाहिलेला, त्यामुळे दोन्हींचा दिग्दर्शक श्रीराम राघवन याचं नाव त्याला पाठ. त्याची तक्रार हुबेहूब तुझी. “मामा, कोणी केलं ते आधीच कळलं. यात थ्रिलर कुठंय?” मी तोंड उघडणार तोच मागून आई बोलली. तुला माहितीय, आई सिनेमा बघताना वाती वळत असते, तिचं लक्ष आहे की नाही हे कोणाला कळत नाही. ती म्हणाली, “अरे, पंचवटीत राहतोस ना तू? दारात भिक्षेकरी येतो, तो रावण आहे हे सीतेला ठाऊक नसतं. आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं. म्हणून कोणी ती गोष्ट ऐकायची सोडली का? ती रेघेबाहेर पाऊल टाकते तेव्हा अजून माझ्या पोटात गोळा येतो.”

नंदू, 2007 मध्ये टपरीवर मला हे एक वाक्य सुचलं असतं तर तू चहाचे पैसे दिले असतेस.

कारण अगदी हेच आहे. सीतागुंफेच्या गल्लीत लहानाचे मोठे झालो आपण. गोष्टीतलं गुपित आपल्याला ठाऊक असतं आणि गोष्टीतल्या माणसाला नसतं, त्यातून जी घालमेल होते ती ‘खुनी कोण’च्या कोड्यात कुठून येणार? कोडं सुटलं की संपलं. इथं ते पैसे पळवणारा भागीदार विक्रम, म्हणजे नील नितीन मुकेश, आपल्या मित्रांमध्ये बसलाय, तेही गद्दार कोण असेल याची चर्चा करतायत, हाही मान हलवतोय, आणि ते सगळं फक्त आपल्याला ठाऊक आहे. आपण ओरडून सांगू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे, थोड्या वेळानं आपल्याला सांगायचंही नसतं. तो पकडला जाऊ नये असं वाटायला लागतं. पाच भागीदारांतला सहावा होऊन बसतो आपण.

त्यात तो चेहरा बघ. गायक मुकेशचा नातू, नायक म्हणून पहिलाच सिनेमा, गालावर अजून कॉलेजचं कोवळेपण. राघवननं तिथं एखादा नावाजलेला, खलनायकाच्या भुवयांचा नट घेतला असता तर आपण पहिल्यापासून सावध बसलो असतो. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी फोटोग्राफी शिकतेय, ती सी. के. मुरलीधरनच्या कॅमेऱ्यावर बोलत होती. तिचं म्हणणं, स्टाईल स्टाईल म्हणून लोक वरवरचं काहीतरी म्हणतात, पण इथं प्रकाशच गोष्ट सांगतोय. मला ते पटलं. आणखी एक तिनंच दाखवलं. त्या माणसांजवळ स्वतःचं असं काही नाहीच. टीव्हीवर ‘परवाना’ लागलेला असतो, त्यातल्या अमिताभची रेल्वे आणि विमानाची युक्ती हा उचलतो. नाव सांगायची वेळ येते तर ‘जॉनी मेरा नाम’मधलं जॉनी उचलतो. 1970-71 च्या सिनेमांवर जगणारा मुलगा. आपण ते तेव्हा फक्त गंमत म्हणून पाहिलं होतं. चोरीच्या पैशाआधी त्यानं चोरीचं आयुष्य घेतलंय, हे मला यावेळी दिसलं.

मीनाला त्या सगळ्या पुरुषांमध्ये फारसा रस नव्हता. ती भागीदार प्रकाश आणि त्याची बायको वर्षा यांच्या घरात रमली, विनय पाठक आणि अश्विनी काळसेकर. म्हणाली, या सिनेमात बाकी सगळे पैशाबद्दल बोलतात, या दोघांचा मात्र संसार आहे. अश्विनीच्या वाट्याला काम थोडं, पण ती पडद्यावर आली की शेजारची बाई उंबऱ्यात येऊन उभी राहिल्यासारखं वाटतं. पाचांतला वडीलधारा शेषाद्री, म्हणजे धर्मेंद्र, त्याच्यावर मात्र गच्चीवरच्या सगळ्या बायकांचं एकमत. तो नुसता खुर्चीत बसला तरी त्याच्यामागे चाळीस वर्षं बसलेली दिसतात.

पण मी हे पत्र लिहायला बसलो ते या कोणासाठी नाही. मामासाठी बसलो.

आमचा दिंडोरीचा मामा त्या रात्री मुक्कामाला होता. द्राक्षाची छाटणी झालेली, वर पाऊस जायचं नाव घेत नाही, डावणी रोगाच्या भीतीनं औषधं न्यायला शहरात आला होता. आईनं आग्रह केला म्हणून शाल पांघरून गच्चीवर येऊन बसला. तुला ठाऊक आहे त्याच्यासोबत काय झालं ते? बहुतेक मी तुला सांगितलं नव्हतं. घरात आम्ही कोणी बोलतच नाही त्यावर.

दोन हंगामांपूर्वी एक व्यापारी बागेवर आला. तरणाबांड पोरगा, बोलायला लाघवी, मामीला मावशी म्हणायचा, ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खायचा. सौदा झाला, इसार दिला, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख, काट्यावरच. पुढच्या गाडीला चेक, तोही वटला. आणि मग म्हणाला, मामा, माल पुढं अडकलाय, चार दिवसांत सगळं एकदम देतो. तीन गाड्या भरून गेल्या. मामा स्वतः क्रेट उचलू लागला होता, पोरगा एकटा दमतोय म्हणून. पाचव्या दिवशी फोन बंद. गावात आणखी सात-आठ जणांचे अडकले होते. चौकीत अर्ज झाले, सह्या झाल्या, अजून काही नाही. मामाला पैशाचं दुःख आहेच, कर्ज तर अजून फिटतंय. पण तो परत परत एकच सांगायचा, “त्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या नातवाला कडेवर घेतलं होतं रे.”

आता सिनेमातला तो रेल्वेचा डबा आठव. विक्रमचा बेत शिवाला बेशुद्ध करून बॅग घ्यायची, एवढाच. खून बेतात नाही. पण शिवा शुद्धीवर येतो, झटापट होते, आणि तो धावत्या गाडीतून खाली जातो. गच्चीवर एकदम शांतता झाली. दुधाचे पेले हातातच राहिले. मामा अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “आता याला थांबता यायचं नाही.”

आणि पुढे विक्रम बाकीच्यांमध्ये येऊन बसतो, तोच साधा चेहरा घेऊन. तिथं मामा उठला. कोणाला काही बोलला नाही. कठड्यापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला, रामशेज किल्ल्याच्या दिशेला तोंड करून. मी मागोमाग गेलो. थंडी वाजतेय का विचारलं. तो म्हणाला, “नाही रे. तुम्ही बघा. तुम्हाला त्याचं काय होतं ते बघायचंय. मला त्या म्हाताऱ्याचं तोंड बघवत नाही.” म्हातारा म्हणजे शेषाद्री.

मी परत येऊन बसलो खरा, पण नंदू, सिनेमा माझ्या हातातून निसटला होता. 2007 मध्ये मी विक्रमच्या बाजूनं श्वास रोखून बसलो होतो. सुटू दे, एवढ्यातून सुटू दे, असं मनापासून वाटत होतं, आणि ते वाटायला लावणं हीच त्या सिनेमाची कमाल म्हणून मी तुझ्याशी भांडलो. आजही ती कमालच आहे असं मी म्हणतो, माझं मत बदललेलं नाही, उलट घट्ट झालंय. पण माझ्यापासून दहा पावलांवर एक माणूस असा उभा होता ज्याला विक्रमच्या खुर्चीत क्षणभरही बसता येत नव्हतं. त्याला आपसूक दुसरी खुर्ची मिळाली होती, फसलेल्याची. आणि सिनेमानं ती खुर्चीही तेवढीच खरी ठेवलीय, हे मला मामाच्या पाठीकडे बघून कळलं. धर्मेंद्रचा तो थकलेला, विश्वासानं भरलेला चेहरा तिथं उगाच नाही. तो नसता तर मामा उठला नसता, शेंगा सोलत निवांत बसून राहिला असता.

तू म्हणशील, विजू, तू परत भाषण सुरू केलंस. करू दे. पण माझी एक विनंती आहे. बंगळूरला तुझ्या मोठ्या टीव्हीवर हा सिनेमा पुन्हा लाव, दिवे मालवून. आणि यावेळी विक्रमकडे बघू नकोस. शिवा, प्रकाश, शेषाद्री, शार्दूल, जो कोणी त्याच्याशी बोलत असेल त्याच्याकडे बघ. मग मला लिही. फोन करू नकोस, लिहीच.

ओमनं शेवटी काय म्हटलं ते राहिलंच. सतरंज्या गोळा करताना म्हणाला, मामा, आजीचं रावणाचं ते मला पटलं, पण सीता तरी परत आली. मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मामा पायऱ्यांवर बसून चहा पीत होता. खाली पिकअप उभी, औषधाचे डबे आत लावलेले. मी चप्पल घालून सोडायला निघालो तर त्यानं विचारलं, “त्या पोराचं काय झालं मग? सुटला?”

“नाही,” मी म्हटलं.

“आणि पैसे?”

“ज्यांचे होते त्यांच्यापैकी कोणाला मिळाले नाहीत.”

त्यानं बशीतला उरलेला चहा संपवला, कप उलटा करून बशीवर ठेवला आणि उठता उठता म्हणाला, “तो मागचा फाळका नीट लावलाय का बघ रे, रस्त्यात उघडतो.”

वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा. दिवाळीला येतोस ना? चहाचे पैसे अजून बाकी आहेत.

तुझा,
विजू