हुरड्याचे पाहुणे आणि हरवलेल्या पाट्या

महोदय,
दर पौषात पुण्याचे मेहुणे गाडी घेऊन येतात. हुरडा, अक्कलकोट, पंढरपूर, की परत. यंदा नियोजन मी हाती घेतलं: पहिला दिवस हत्तरसंग कुडल, दुसरा नळदुर्ग.

कुडलला भीमा-सीनेचा संगम, 359 मुखांचं शिवलिंग आणि शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख. 'वाचील तो विजयी होईल' अशा अर्थाची त्यातली ओळ मेहुण्यांनी हवेत बोट फिरवत तीनदा वाचली. पण तिथवर पोचताना काय ते हाल! महामार्ग सोडला तशा पाट्या संपल्या, मोबाईलची रेंजही गेली. शेवटी शेळ्या राखणाऱ्या आजी म्हणाल्या, "हिकडनं जावा की!" दुपारी कडक भाकरी अन् शेंगाचटणी बांधून नेली होती, म्हणून निभावलं.

नळदुर्गच्या किल्ल्यात बंधाऱ्याच्या भिंतीतला पाणीमहाल पाहिला, तिथले नर-मादी धबधबे मात्र कोरडे. ती चूक माझीच. ते पावसाळ्यात पाहायचे.

संबंधितांना विनंती एवढीच: प्रत्येक फाट्यावर मराठी आणि कन्नड पाटी लावा, शेजारचे पाहुणेही येतात. आणि कुडलला बचत गटाच्या बायकांना भाकरी-पिठल्यासाठी एक शेड द्या. पुढच्या पौषाच्या आत जमलं तर बरं, मेहुणे चार गाड्या घेऊन येणार आहेत.

— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर