अर्धवट राहिलेलं दालन

उप्साला, स्वीडन

ती. आई-बाबांना,
सा. न.

रविवारी स्कूकलोस्टरचा वाडा बघून आले. फोनवर सांगायला गेले तर बाबा दोन मिनिटांत "बरं, बिल वाढतंय" म्हणतील, म्हणून लिहितेय.

मेलारेन तळ्याच्या काठी पांढराशुभ्र वाडा, चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी बुरूज. कार्ल गुस्ताफ व्रांगेल या सेनापतीने १६५४ साली बांधायला काढला. तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीत त्याने चिक्कार कमावलं होतं. आई, इथलं एक चित्र तुला दाखवायला हवं होतं. सम्राट रुडॉल्फचा चेहरा, पण सगळा फळं-भाज्यांचा! नाक नाशपतीचं, कान मक्याच्या कणसाचा, छातीवर भोपळा. मंडईच उभी केलीय. आर्चिंबोल्दो नावाच्या इटालियन चित्रकाराचं, आणि स्वीडिश फौजेने १६४८ मध्ये प्रागहून लुटून आणलेलं. पाटीवर 'लूट' असं सरळ लिहिलंय, ते मला आवडलं.

पण बाबा, मी अडकले ती मेजवानीच्या दालनात. १६७६ ला व्रांगेल वारला आणि कारागीर काम टाकून निघून गेले. ते दालन आजतागायत तसंच आहे. भिंतीच्या विटा उघड्या, परांचीची लाकडं, पडलेली हत्यारं. आपल्याकडे १६७४ ला महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा इथे सुतार रंधा मारत असतील. तुमचा पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय: "त्यांची राहिलेली मजुरी कोणी दिली?" ते पाटीवर नव्हतं. व्रांगेलने खास हॉलंडहून मागवलेली हत्यारंही वाड्यात जपून ठेवलीत. एका पटाशीची मूठ अगदी तुमच्यासारखी, अंगठ्याच्या जागी झिजलेली. काचेला नाक लावून बघत राहिले.

वाडा मुलीकडून तिच्या सासरी, ब्राहे घराण्यात गेला. १७०१ पासून या मालमत्तेवर बंधनच असं होतं की ती विकायची नाही, वाटायची नाही, एकाच वारसाकडे जायची. भावाभावांत वाटण्याच नाहीत! म्हणून सामान टिकलं. शेवटचा ब्राहे १९३० ला गेला, मग फॉन एसेन घराणं, आणि १९६७ ला सरकारने विकत घेतलं. मालक मात्र तिथे क्वचितच राहायचे. व्रांगेल तर जवळजवळ नाहीच. आत आजही हीटर नाही, माझी बोटं गारठली.

आई म्हणत होती, बाबा हत्यारांची पेटी भंगारात काढायला निघालेत, हात थरथरतात म्हणून. बाबा, देव्हाऱ्याचं दार तुम्ही माझ्या बारावीपासून करताय. फळी अजून माळ्यावर आहे. मी मे महिन्यात येतेय, धरायला मी आहे, मापं तुम्ही सांगा.

आई, तोवर पेटीची किल्ली तुझ्याकडे ठेव.

तुमची,
छकुली