कॅसेट तुझी खराब नव्हतीच

प्रिय बारक्या,

पत्र लिहायला घेतलं ते आधी माफी मागायला. हॉस्टेलच्या खोलीत ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडच्या 'बॉर्न अगेन' अल्बमची कॅसेट लावली की आवाज कसा यायचा, आठवतंय? चौघंजण गोधडी पांघरून आत वाजवतायत असा. आणि मी तुझ्या नावाने खडे फोडायचो. कॉपी करताना लेव्हल चुकवलीस, टेप भिकार घेतलीस, डेकचं हेड घाण आहे. तू बिचारा कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन हेड पुसत बसायचास, तपकिरी झालेला बोळा माझ्या नाकासमोर धरायचास आणि म्हणायचास, "आता बघ." बघायचं काय? पहिलं गाणं सुरू झालं की पुन्हा तीच गोधडी.

तर ऐक. गोधडी मूळ रेकॉर्डवरच आहे. मी इतकी वर्षं तुला उगाच बोल लावला.

हे आत्ता का सुचलं, तर ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर सॅबथचे मूळ चौघं शेवटचे एकत्र आले ना, ते मी पाहिलं. गायक ओझी ऑस्बोर्न सिंहासनावर बसून गातोय, बिल वॉर्ड उघडाबंब होऊन ड्रम वाजवतोय. पुढे २२ तारखेला ओझी गेलाच. सगळ्यांनी ओझीची गाणी लावली. मी मात्र ज्यात ओझीच नाही तो रेकॉर्ड काढला, का ते नाही सांगता येणार. मग त्याच्यामागची सगळी भानगड वाचत बसलो आणि तुझी आठवण झाली.

१९८२ संपताना सॅबथचं पार विस्कटलं होतं. लाइव्ह अल्बमच्या मिक्सिंगवरून, म्हणजे कोणाचा आवाज किती ठेवायचा यावरून, भांडण झालं आणि ओझीनंतरचा गायक रॉनी जेम्स डिओ निघून गेला. ड्रमर विनी अपीसही त्याच्याबरोबर गेला. उरले गिटारवाला टोनी आयोमी आणि बेसवाला गीझर बटलर. हे दोघं ऑक्सफर्डशायरमध्ये वुडस्टॉकच्या एका पबमध्ये डीप पर्पल बँडचा जुना गायक इयान गिलनला भेटले आणि तिघंही मनसोक्त प्यायले. दुसऱ्या दिवशी गिलनला त्याच्या मॅनेजरकडून कळलं, की अरे, तू काल सॅबथमध्ये गेलायस! लग्नं अशी ठरतात ते ऐकलं होतं, बँडचं पहिल्यांदाच ऐकलं. त्यातून त्यांना हा बँड 'ब्लॅक सॅबथ' म्हणून काढायचाच नव्हता म्हणे, नवीन नाव घ्यायचं होतं. पण मॅनेजर डॉन आर्डन (म्हणजे ओझीचा सासरा, काय घर आहे बघ) अडून बसला. खपतं ते नाव.

ड्रमवर परत आला बिल वॉर्ड. १९८० मध्ये दारूपायी टूर अर्धी टाकून गेलेला, आता दारू सोडून आलेला. १९८३ च्या मे-जूनमध्ये हे चौघं 'द मॅनर'मध्ये रेकॉर्डिंगला बसले. शिप्टन-ऑन-चेरवेल गावातला जुना वाडा, रिचर्ड ब्रॅन्सनने स्टुडिओ केलेला. राहायचं तिथेच, जेवायचं तिथेच. पण गिलनने काय करावं? खोल्या रिकाम्या असताना बाहेर गवतावर मोठा तंबू ठोकला आणि त्यात मुक्काम केला. आयोमी पोहोचला तेव्हा त्याला वाटलं काहीतरी समारंभ आहे.

पुढची गोष्ट तुला आवडेल. आवारात गो-कार्टचा ट्रॅक होता. गिलन एका रात्री पिऊन बिल वॉर्डची गाडी घेऊन त्यावर सुटला, गाडी उलटली आणि स्विमिंग पूलच्या जेमतेम अलीकडे थांबली. वाचला. अल्बमचं पहिलं गाणं 'ट्रॅश्ड' त्याच प्रतापावर आहे. आपण ते गाणं भयंकर गूढ समजून ऐकायचो! 'डिस्टर्बिंग द प्रीस्ट'चंही तेच. सैतानबितान काही नाही, दणदणाटाने शेजारच्या चर्चला त्रास झाला, तक्रार आली, गाण्याला नाव मिळालं.

आता मूळ मुद्दा. आयोमीचं म्हणणं, गिलनने बॅकिंग ट्रॅक (गाण्यामागचं वादन) इतके मोठ्याने लावले की स्टुडिओच्या स्पीकरचे ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज देणारे छोटे स्पीकर, उडाले, आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. पटतं? मला नाही पटत. ट्वीटर गेला तर ऐकणाऱ्याला वरचा आवाज कमी वाटेल, तो ट्रेबल वाढवेल, आणि रेकॉर्ड चरचरीत होईल. मग गोधडी कुठून आली? काहीतरी दुसरंच घडलंय, आणि आता सगळे म्हातारे आहेत, जो तो आपली गोष्ट सांगतो. गिलन तर सांगत फिरतो की कव्हर बघून ओकारी आली आणि मिक्स ऐकून पुन्हा आली.

कव्हर आठवतंय ना, तुझ्या कॅसेटला ते नव्हतंच, आपण नंतर मासिकात पाहिलं. लालभडक तान्हं बाळ, शिंगं, सुळे, पिवळी नखं. ते काढणारा स्टीव्ह जूल ओझीचंही काम करायचा. ते काम हातचं जाऊ नये म्हणून त्याने मुद्दाम इतकं भीषण चित्र दिलं की सॅबथवाले नकोच म्हणतील. आयोमीला आवडलं! झालं. आणि एवढं सगळं होऊन ऑगस्टमध्ये अल्बम ब्रिटनच्या यादीत चौथ्या नंबरावर गेला.

टूरला वॉर्ड नव्हता. दारू परत आली होती. ड्रमवर ईएलओ बँडचा बेव्ह बेव्हन बसला. स्टेजवर स्टोनहेंजचे (इंग्लंडमधल्या त्या प्राचीन शिळांचे) नकली दगड उभे करायचे होते, फुटांच्या जागी मीटर झाले म्हणतात, दगड हॉलमध्ये मावेनात. गिलनला शब्द पाठ होईनात. त्याने पायाशी कागदांची वही ठेवली, तर वरून ड्राय आइसचा धूर. एवढा मोठा गायक गुडघ्यावर बसून हाताने धूर सारतोय आणि पुढची ओळ शोधतोय. मला त्याच्याबद्दल हसू कमी आणि माया जास्त वाटली. १९८४ मध्ये डीप पर्पल पुन्हा जमलं, तो तिकडे गेला. खेळ खलास. वॉर्डही त्यानंतर सॅबथच्या एकाही पूर्ण स्टुडिओ अल्बमवर वाजला नाही.

२०११ मध्ये नवी आवृत्ती आली, मी आणली. मिक्स तेच, कारण मूळ टेपाच हाती लागल्या नाहीत. पण सोबत रीडिंग फेस्टिव्हलचा १९८३ चा कार्यक्रम आहे. त्यात ही गाणी स्वच्छ ऐकू येतात, शब्द न् शब्द. सॅबथने डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवलेलंही आहे, ते एकदा ऐकून सोडून दे. 'झीरो द हीरो' तीनदा ऐकलं. बेव्हन बरोबर वाजवतो, अगदी वेळेवर. वॉर्ड कसा किंचित मागे रेंगाळायचा, ठोका पडायच्या आधी आपण श्वास रोखायचो, ते नाही त्यात. मग पुन्हा अल्बम लावला. चिखलच आहे, पण वॉर्ड त्या चिखलातच आहे.

हेडफोन लावून ऐकताना मात्र एक अडचण झाली. दुसरी बाजू सुरू व्हायच्या आधी मी थांबलो, कारण तुझ्या टेपवर तिथे दोन सेकंद तुझा खोकला होता. माइक उघडा राहिला होता की काय, देव जाणे. या आवृत्तीत तो नाही.

तुझ्या माळ्यावर ती कॅसेट असेल तर टाकू नकोस. रिबन निसटली असेल तर पेन्सिलीने गुंडाळ, ओढू नकोस. डेक माझ्याकडे चालू आहे. हेड या वेळी मी पुसतो.

तुझा,
भांडकुदळ रूममेट