४००० वॅटचा म्हणून विकलेल्या ॲम्प्लिफायरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : फोर-चॅनेल कार ॲम्प्लिफायरची खोटी वॅटेज आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमचा फोर-चॅनेल ॲम्प मी सांगलीतल्या तुमच्याच अधिकृत डीलरकडून पक्क्या बिलावर घेतला. खोक्यावर ठळक ‘४००० वॅट’ छापलंय. त्या भरवशावर ३०० वॅट आरएमएसचा (आरएमएस म्हणजे क्षणिक नव्हे, सलग चालणारी पॉवर) सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, घेतला आणि मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र करून, त्याला जोडले. आवाज जरा वाढवला की बेस फाटतो, आणि थोड्या वेळाने वूफरची कॉइल तापल्याचा वास येतो. सर्व्हिस सेंटरने अर्थातच वूफरवर खापर फोडलं.

ॲम्पच्या कडेला २०-२० ॲम्पिअरचे दोन फ्यूज आहेत. म्हणजे एकूण ४० ॲम्पिअर, त्याहून जास्त करंट सतत ओढला तर फ्यूजच उडतील. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तरी आत जाणार ५७६ वॅट. त्यात हा क्लास एबी, म्हणजे बरीच वीज उष्णतेत घालवणाऱ्या जातीचा ॲम्प. निम्म्याहून थोडं जास्त स्पीकरपर्यंत पोचतं, बाकीचं हीटसिंक तापवण्यात जातं. (तापतोही असा, की हात ठेववत नाही.) एक वॅटही वाया न घालवता ४००० वॅट काढायचे तर २७८ ॲम्पिअर लागतील. माझ्या हॅचबॅकचा अल्टरनेटर (गाडीत वीज बनवणारा) शंभर ॲम्पिअरच्याही आतला आहे, आणि किटमध्ये तुम्ही वायर दिलीय ८ गेजची, एवढ्या करंटला फारच बारीक!

नुसतं कागदावरचं गणित नको म्हणून ओळखीच्या ऑडिओवाल्याकडे टेबलावर मोजून घेतलं. चारही चॅनेलला स्पीकरऐवजी ४ ओहमचे डमी लोड, १ किलोहर्ट्झचा टोन, समोर लाटेचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप. गेन हळूहळू वाढवला. लाटेचे शेंडे चपटे व्हायच्या, म्हणजे आवाज फाटायच्या, जरा आधी प्रत्येक चॅनेलवर १५.५ व्होल्ट मिळाले. व्होल्टचा वर्ग भागिले ४, म्हणजे ६० वॅट. चारांचे मिळून २४०. सप्लाय १३.८ व्होल्टचा होता आणि क्लॅम्प मीटर ३१ ॲम्पिअर दाखवत होता. म्हणजे ओढले सुमारे ४२८, दिले २४०. हिशेब चोख जुळतो.

४००० ही ‘पीक म्युझिक पॉवर’ आहे, असं तुमच्या ईमेलमध्ये म्हटलंय. साइन लाटेचा क्षणिक पीक आरएमएसच्या दुप्पट, म्हणजे फार तर ४८० वॅट. वरचे साडेतीन हजार कुठून आले, ते लेखी कळवावे.

६० गुणिले ४ वॅटचा ॲम्प वाईट नसतो. तसं खोक्यावर छापलं असतं तर वूफर त्या बेताचा घेतला असता, आणि तुम्हाला एवढे पैसेही मोजले नसते. सीटीए-२००६ या मानकाप्रमाणे १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का डिस्टॉर्शनच्या (आवाज बिघडण्याच्या) आतली आरएमएस पॉवर छापणारे उत्पादक आहेत. तुमच्या खोक्यावर आरएमएस हा शब्दच नाही.

ॲम्प परत घेऊन बिलाची पूर्ण रक्कम द्यावी. वूफरच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा कळवतो. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून, जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत : बिलाची प्रत, फ्यूज आणि खोक्याचे फोटो, मोजणीचा व्हिडिओ.

आपला,
एक ग्राहक, सांगली