काका, तो हात ‘पुरे’ म्हणत नव्हता

प्रिय काका, सा. न.

तोंडावर आभार मानले असते तर ‘गप चहा घे’ म्हणून तुम्ही मला उडवून लावलं असतंत. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

२०१३ साली माझ्या पाठवणीच्या वेळी अख्खी चाळ रडत होती. बाबा तेवढे गॅलरीच्या कठड्याशी कोरडे उभे. मी वर पाहिलं, तर त्यांनी पालथा पंजा हवेतच दोनदा खाली दाबला. पुरे, जा आता. मी तरी तसंच समजले. ते शल्य मी डोंबिवलीला घेऊन गेले आणि बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. दर खेपेला लालबागहून निघताना तोच हात, तसाच दोनदा.

यंदा गणपतीत काकूंबरोबर मोदकांची उकड मळताना बोलून गेले. तुम्ही म्हणालात, “अगं वेडे, ती गिरणीच्या साचेखात्यातली खूण.”

शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम धडधडतायत, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटतायत, शंभर डेसिबलच्या आसपासचा आवाज. कानाशी ओरडलं तरी फुकट. म्हणून सगळं बोलणं हातांनी, नाहीतर ओठ वाचून. कुणाला पाणी प्यायला, बिडी ओढायला जायचं असलं की शेजारचा साचेवाला पंजा दाबून सांगायचा: तू जा, तुझे साचे मी बघतो.

बाबा १९६८ला लागले ते १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू होईपर्यंत हेच बोलत होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले बाबा परत आत गेलेच नाहीत. कान निम्मे गेले होते. खूण तेवढी राहिली.

न बोलताही कळतं म्हणतात, ते मला नाही पटत. आईला कुठे कळलं? ती जन्मभर त्या हाताचा अर्थ ‘पुरे’ असाच लावत गप्प होत गेली. तुम्ही तर भिंतीपलीकडे राहत होतात! याचा थोडा राग आहेच तुमच्यावर. पण तिनेही कधी विचारलं नाही.

गेल्या रविवारी निघताना खालच्या चौकातून मीच आधी पंजा पालथा केला, दोनदा दाबला. बाबा बघतच राहिले. मग त्यांनी मान वळवून थेट तुमच्या दाराकडे पाहिलं. तुम्ही म्हणे झोपला होतात. पडदा हलताना मी पाहिलाय, काका.

तुमची,
शेजारच्या खोलीतली